वाटी लगेच परत करू नका

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही मूळच्या सांगलीकडच्या. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली आणि जूनमध्ये अमळनेर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालात. गावातच खोली घेऊन एकट्या राहता. तुम्ही लिहिलंय की लोक वाईट नाहीत, पण मन लागत नाही. वर्गात मुलं तुमच्या बोलण्याला हसतात आणि त्यांचं बोलणं तुम्हाला निम्मंच कळतं. शेजारच्या काकू दिवसाआड काहीतरी वाटीतून आणतात. ते जाळ तिखट असतं, आणि नको म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. भेटेल तो पगार, लग्न, समाज सगळं विचारतो. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला आग्रहानं बोलावलं, तुम्ही हौसेनं साडी नेसून गेलात, पण रोटाचा, म्हणजे तिथल्या प्रसादाचा घास कुणी दिला नाही, आणि तेव्हापासून मन नाराज आहे. शेवटी विचारलंय की इथल्या पद्धतींशी जुळवून घ्यायला किती दिवस लागतात आणि सुरुवात कुठून करायची.

मी चिपळूणकडची. 1987 साली, बाविसाव्या वर्षी, पारोळा तालुक्यात शिक्षिका म्हणून आले ते चार-पाच वर्षांत बदली घेऊन परत जायचं ठरवूनच. गेले नाही. पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, झाले आणि त्या काळात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले कितीतरी शिक्षक माझ्या केंद्रात रुजू झाले. कोण इथं रमलं, कोण पहिल्या दिवसापासून बदलीच्या अर्जाकडे डोळे लावून बसलं, हे जवळून पाहिलंय. त्यावरून लिहिते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. 'मी त्यांची वाटी त्याच संध्याकाळी घासून परत देते, उगाच उपकार नकोत म्हणून.' आणि त्याच्याच पुढे, 'जोडून सुट्टी आली की पुण्याला बहिणीकडे जाते.' मला तुमची खरी अडचण या दोन वाक्यांत दिसली. भाषा, तिखट, भोचक प्रश्न ही सगळी वरवरची. त्यांची सवय होते. पण तुम्ही अजून पाहुणीसारख्या राहताय. पाहुणी कुणाला त्रास देत नाही, काही मागत नाही, कुणाचं ठेवून घेत नाही आणि वेळ झाली की निघते. अशा माणसाचा गाव मान ठेवतो, पण त्याला आपलं कसं म्हणणार?

दुसरं म्हणजे 'जुळवून घेणं' हा शब्दच मला खटकतो. आपल्या मुलींना तो लग्न ठरल्यापासून ऐकवतात, त्यामुळे त्यात सोसणं धरलेलंच असतं. नोकरीचं गाव म्हणजे सासर नव्हे. इथं तुम्ही तुमचं काही टाकून द्यावं अशी कुणाची अपेक्षा नाही. तुम्ही इथलं काहीतरी घ्यावं एवढीच असते, आणि ते घेणंच आपल्याला जड जातं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण खानदेश म्हणजे एकच एक प्रदेश नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नकाशावर शेजारी असले तरी राहायला वेगळे आहेत. तुम्ही आहात त्या अमळनेर, पारोळा, धुळे पट्ट्यात अहिराणी भाषा चालते. रावेर, यावल, फैजपूरकडे केळीच्या बागांचा मुलूख, तिथली लेवा गणबोली वेगळी. भुसावळ रेल्वेचं जंक्शन, तिथं हिंदीसुद्धा सर्रास कानावर पडते. आणि नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत, धडगाव-अक्कलकुव्याला नेमणूक झाली असती, तर मी अहिराणी शिका असं म्हटलंच नसतं. तिथं पावरी, भिलोरी बोलणारी मुलं असतात आणि गावाचं वर्ष होळीभोवती फिरतं. एकटी बाई राहणं आणि कुटुंब घेऊन राहणं यातही फरक आहे. एकटीला गाव जास्त न्याहाळतं, आणि सांभाळतंही जास्त. तेव्हा मी पुढे जे सांगते ते तुमच्या पट्ट्याला धरून आहे.

वाटीपासून सुरू करते, कारण तीच चूक मी केली होती.

मी आले त्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या आक्कांनी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून दिलं. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी काळपट, जाडसर, खरपूस. भरताची वांगी हिरवट पांढरी, नारळाएवढी, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली. त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून तेल. मी नारळ आणि कोकमावर वाढलेली मुलगी. दोन घासांत कानशिलं तापली. उरलेलं कसंबसं संपवलं, भांडं लख्ख घासलं, आईने दिलेली आमसुलं त्यात घातली आणि तासाभरात आक्कांच्या दारात नेऊन दिलं. आपण फार व्यवस्थित वागलो असं मला वाटत होतं. आक्का भांड्याकडे बघून म्हणाल्या, "इतली काय घाई शे?" आणि त्यानंतर आठ दिवस माझ्या दारात आल्या नाहीत.

हे मला फार उशिरा कळलं. माझ्या ओट्यावर पडलेलं त्यांचं भांडं हे उद्या पुन्हा येण्याचं निमित्त होतं. "भांडं न्यायला आले" म्हणत त्या येणार, उंबऱ्यावर बसणार, चार गोष्टी बोलणार. मी तासाभरात सगळं चुकतं केलं आणि येण्याचं कारणच काढून घेतलं. आमसुलं देऊन तर हिशेब बरोबरीत आणला. आपल्याला तो शिष्टाचार वाटतो. त्यांना वाटतं, हिला आपल्याशी संबंध नको.

कोंडी फुटली ती विरजणामुळे. एका रात्री दूध तापवलं आणि घरात विरजणाला ताक नाही. मी संकोचत आक्कांकडे गेले. त्या जेवायला बसणार होत्या. "ये, बठ," म्हणाल्या, आणि विरजण राहिलं बाजूला, आधी ताट वाढलं. मी काहीतरी मागायला आले याचं त्यांना इतकं समाधान वाटलं की ते मला आजही डोळ्यासमोर दिसतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीचं दार त्यांना परकं राहिलं नाही.

हा केवळ गोडव्याचा भाग नाही, त्यामागे कामाची पद्धत आहे. उन्हाळ्यात बिबड्यांचे दिवस आले की तुम्ही स्वतः बघाल. बिबडे म्हणजे ज्वारीचे मोठे पापड. भिजवलेल्या ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून शिजवतात, आणि गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने गोल पसरतात. पाण्यात बोटं बुडवत राहायचं, नाहीतर पोळतात. पीठ निवायच्या आत काम उरकायला हवं. एकटीच्या हाताने ते होत नाही. म्हणून आज हिच्याकडे चौघी, उद्या तिच्याकडे चौघी. कुणाचे बिबडे जास्त झाले, कोण किती वेळ बसलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही. गल्लीत प्रत्येकीवर प्रत्येकीचं काही ना काही देणं कायम राहतं आणि त्या देण्यावरच गल्ली चालते. अशा ठिकाणी 'माझ्यावर कुणाचे उपकार नकोत' म्हणणारं माणूस त्या गोतावळ्यात बसतच नाही. तुम्ही कितीही गोड बोला.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच. वाटी दोन दिवस राहू द्या. त्यांनी मागितली तर हसून द्या. आणि आधी तुम्ही काहीतरी मागा. विरजण मागा, कोणत्या गिरणीत भाकरीचं पीठ चांगलं मिळतं ते विचारा, कळण्यात उडीद किती घालायचे ते विचारा. सगळ्यांत उत्तम म्हणजे कळण्याची भाकरी थापायला शिकवा म्हणा. सांगलीची मुलगी ज्वारीची भाकरी थापतच असेल, पण कळण्याचं पीठ हाताला वेगळं लागतं. ते त्यांच्याकडूनच शिकावं लागेल.

तिखटाचं एकदाच स्पष्ट सांगून टाका. "काकू, चव आवडते पण पोटाला सोसत नाही." यात अपमान वाटत नाही. अपमान वाटतो तो न चाखता नको म्हणण्यात. एक घास त्यांच्यासमोर खा आणि मग सांगा. वरण-बट्टी, उडदाची डाळ, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या वेळचा आमरस असं सौम्य, सुंदर खाणंही इथं भरपूर आहे. शेवभाजीची तर्री लगेच अंगवळणी पडली पाहिजे असं काही नाही. मला दोन वर्षं लागली.

आता भाषा. इथं मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुम्ही शिक्षिका आहात आणि तुमच्या हातात पहिली-दुसरीचा वर्ग आहे.

तुम्ही लिहिलंय, मुलं 'अशुद्ध' बोलतात. ताई, हा शब्द आजपासून सोडा. अहिराणी ही बिघडलेली मराठी नाही. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या भाषिक पाहणीत खानदेशीला, म्हणजे अहिराणीलाच, मराठीच्या खंडात टाकलं नाही, भिल्ल भाषांबरोबर स्वतंत्र मांडलं. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजलेली आहे आणि ती सांगणाऱ्यांची संख्या 18 लाखांहून जास्त आहे. तुमच्या वर्गातली सहा वर्षांची पोर घरून एक पूर्ण भाषा घेऊन येते आणि तुमच्यासमोर दुसरी शिकायला बसते. तिला 'नीट बोल' म्हटलं की ती गप्प होते. गप्प झालेलं मूल पुन्हा बोलतं करणं फार अवघड. मी माझ्या पहिल्या वर्षी अशी मुलं गप्प केली, ती खंत मला अजून आहे.

थोडं व्याकरण कानाशी आलं की निम्मं कोडं सुटतं. 'आहे'ला 'शे'. 'मला, तुला'ला 'मले, तुले'. 'माझं, तुझं'ला 'मन्हं, तुन्हं'. 'करतो, जातो'ला 'करस, जास'. 'आला'ला 'ऊना', 'गेला'ला 'गया'. हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं की मागून आवाज येतो, "मॅडम, तो नही ऊना, तो मामाना गावले गया." पहिल्या महिन्यात मी असं ऐकून पुन्हा पुन्हा विचारायची आणि वर्ग हसायचा. त्यात 'ळ'चा 'य' होतो. शाळेची 'शाया', काळ्याचं 'काया', धुळ्याचं 'धुये'. पारोळ्याच्या स्टँडवर कंडक्टर "धुये, धुये" ओरडत होता आणि मी धुळ्याच्या गाडीची वाट बघत तिथंच उभी राहिले होते.

आणि मुलं तुम्हाला हसतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडच्या कित्येक बायका 'मी आलो, मी जातो' असं बोलतात. तुमच्याही तोंडी तसं येत असेल, तर इथल्या पोरांना त्याचं नवल वाटणारच. त्यांनी आपल्या मॅडमला पुरुषासारखं बोलताना पहिल्यांदाच ऐकलंय! त्यांना सांगा की आमच्या गावी असं बोलतात. त्यांच्या डोक्यात एक मोठी गोष्ट शिरेल, की प्रत्येक गावाचं बोलणं वेगळं असतं आणि त्यात चूक-बरोबर नसतं. हा भाषेचा धडा पुस्तकात मिळत नाही.

मी वर्गात एक वही केली होती. डाव्या बाजूला मुलांचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला. डावी बाजू मुलांनी सांगायची, मी लिहायची. 'बठ्ठा' म्हणजे सगळे, 'आंडेर' म्हणजे मुलगी, 'गह्यरं' म्हणजे खूप. मी एखादा शब्द चुकीचा उच्चारला की वर्ग मला सुधारायचा. ज्या पोरीने तोवर तोंड उघडलं नव्हतं, तिने मला 'ऊना' आणि 'ऊनी'तला फरक समजावून सांगितला, फळ्यापाशी येऊन. दिवाळीपर्यंत मुलांची भीती गेली आणि माझीही. इथंही गोष्ट तीच, मी त्यांच्याकडून काहीतरी घेतलं.

बोलायची घाई मात्र करू नका. आधी समजून घ्या. वर्गात मोडकंतोडकं अहिराणी बोलून मुलांना हसवायला जाल तर त्यांना ती थट्टा वाटण्याचा धोका आहे. घरी, ओट्यावर, वडीलधाऱ्या बायकांशी बोलताना चुका करा, तिथं त्या गोड वाटतात. हाकेचंही बघा. आपण सरसकट काका-काकू म्हणतो. इथं प्रत्येक माणसाची हाक ठरलेली असते. कुणी नाना, कुणी आबा, कुणी आप्पा, कुणी तात्या, कुणी जिभाऊ. गावात ज्याला जिभाऊ म्हणतात त्याला तुम्ही काका म्हटलंत तर तो ओ देईल, पण जिभाऊ म्हटलंत की थांबेल. तुमच्या शेजारच्या काकूंना गल्लीत काय म्हणतात ते ऐका आणि त्याच नावाने हाक मारायला लागा.

प्रश्नांबद्दल. पगार किती, लग्न झालं का, भाऊ किती, घरी शेती किती, हे प्रश्न सुरुवातीला अंगावर येतात. मला तर रडू यायचं. पण नीट बघा, प्रत्येक उत्तरानंतर ते तुम्हाला कुठंतरी जोडत असतात. सांगलीच्या का, अमक्याची आंडेर तिकडेच दिलीय. बहीण पुण्याला का, आमचा धाकटा पण पुण्यालाच कंपनीत आहे. माणूस कुणाचा कोण हे कळल्याशिवाय त्याच्याशी कसं वागावं हे त्यांना ठरवता येत नाही. पगाराचा आकडा सांगितलाच पाहिजे असं नाही. 'भागतंय, घरी पाठवते' एवढं पुरतं. उलट तुम्हीही विचारा. त्यांच्या मुलांबद्दल, शेताबद्दल विचारलेलं त्यांना आवडतं.

जातीचा प्रश्न मात्र मी या यादीत ठेवणार नाही. तो काही वेळा निव्वळ ओळखीपुरता असतो, काही वेळा नसतो. माझ्या केंद्रातल्या एका शिक्षिकेला त्या प्रश्नाच्या उत्तरानंतर ठरलेली खोली मिळाली नाही. मी तिला 'इथली पद्धतच आहे, घे सांभाळून' असं म्हटलं नाही आणि तुम्हालाही म्हणणार नाही. आम्ही दोघी-तिघी गावात गेलो, शाळा व्यवस्थापन समितीच्या लोकांसमोर विषय काढला, त्यांच्यापैकीच एकाने आपल्या घराची पुढची खोली दिली. ती तिथं सहा वर्षं राहिली. प्रदेशाची रीत समजून घेणं वेगळं आणि अन्याय गिळणं वेगळं. सांगायचं नसेल तर 'मी शाळेची शिक्षिका, एवढं पुरे' असं शांतपणे म्हणा, आणि कुणी त्यावरून वागणूक बदलली तर एकटीने कुढू नका. मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना सांगा. एकटीला त्रास देणारे पुरुष प्रत्येक गावात असतात, त्यांच्याबाबतही हेच. तिथं रीतभात बघत बसायचं नाही.

आता कानबाई, कारण तुमच्या मनाला लागलेली गोष्ट ती आहे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवतात, रात्रभर गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्या दोन दिवसांसाठी सुरत, नाशिक, मुंबई, पुणे सगळीकडून भाऊबंद गावी येतात. रोट हा त्या भाऊबंदकीचा प्रसाद. तो त्या कुळातल्यांनीच खायचा असतो. तुम्हाला परकं म्हणून वगळलं असं नाही. तुमच्या शेजारच्या काकूंनी पलीकडच्या घरचा रोट खाल्लेला नसेल आणि पलीकडच्यांनी यांचा. माझ्याही बाबतीत पहिल्या वर्षी हेच झालं होतं आणि मी न बोलता घरी निघून आले होते. पुढच्या वर्षी आक्कांनी समजावलं की रोट घरचा, पण कानबाई सगळ्या गावाची. गाणं म्हणायला, फुगडी घालायला, नदीपर्यंत जायला कुणालाच आडकाठी नाही. तुम्हाला त्यांनी आग्रहानं बोलावलं ते याच भागासाठी. तिथं तुम्ही बसलात का, गायलात का, की रोटाकडे लक्ष ठेवून कोपऱ्यात उभ्या राहिलात? विचारून बघा स्वतःला. प्रत्येक घराचा एक आतला कोनाडा असतो, तो आपल्यासाठी नसतो. आपल्या घरीही तो असतोच.

एवढं झालं की वेळेचा प्रश्न उरतो. किती दिवस? इथं शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं साल आखाजी ते आखाजी असतं. म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला पुरं. तुम्हीही तोच हिशेब धरा. येत्या आखाजीपर्यंत थांबा आणि मग ठरवा की इथं मन लागतं की नाही. त्याआधी, तीन महिन्यांत काढलेला निष्कर्ष धरू नका. पहिलं पावसाळी सत्र सगळ्यांनाच जड जातं.

आणि जोडून सुट्ट्या आल्या की प्रत्येक वेळी पुणं गाठू नका. निदान एकाआड एक सुट्टी गावात काढा. शाळेच्या दिवशी गाव तुम्हाला मॅडम म्हणूनच बघतं. माणूस म्हणून बघायला रविवार लागतो, बाजार लागतो, कुणाच्या तरी घरची हळद लागते. तुमच्याच अमळनेरला साने गुरुजी कोकणातून, माझ्याकडच्याच पालगडहून आलेले. 1924 ते 1930 प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. शिकवून घरी जाण्यावर त्यांनी भागवलं नाही, छात्रालयात मुलांमध्ये राहिले. अमळनेर त्यांना आजही आपलं म्हणतं ते तासिकांमुळे नव्हे.

उन्हाळ्याचं थोडं आधीच सांगून ठेवते. एप्रिल-मे मध्ये इथला पारा 45 पर्यंत जातो. दुपारी बारा ते पाच गाव बंद असतं. त्या वेळी कुणाकडे जाऊ नका, आणि कुणी दार उघडलं नाही तर गैरसमज करून घेऊ नका. सगळं आयुष्य संध्याकाळी सुरू होतं आणि रात्री उशिरापर्यंत ओट्यावर चालतं. कूलर मार्चमध्येच घ्या, नंतर भाव चढतात. माठ काळा घ्या की लाल, यावर शेजारणी तुमच्यासमोर वाद घालतील. त्यांचं ऐकून घ्या आणि त्यांच्याबरोबरच बाजारात जा.

आखाजीला मात्र गावातच राहा. शाळेला सुट्टी लागली म्हणून त्या आधी दोन दिवस निघू नका. लेकी माहेरी आलेल्या असतात, कडुनिंबाला झोके बांधलेले असतात, गाणी चाललेली असतात. घराघरांत आमरस आणि खापरावरच्या, म्हणजे मातीच्या पालथ्या भांड्यावर भाजलेल्या पुरणपोळ्या. ती पोळी करताना एकदा बघाच. पुरण भरलेला गोळा लाटून झाला की बाई तो दोन्ही हातांवर घेते आणि मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत, झुलवत वाढवत नेते, आणि पोळी हातभर झाली की उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर एका झेपेत टाकते. माझ्या सासूबाई, हो, मी इथलीच सून झाले, त्यांच्या हातांवर पोळी अशी पातळ व्हायची की पलीकडचा चुलीचा जाळ दिसायचा. मला ती कला आली नाही. पण दरवर्षी खापराशेजारी बसून पुरणाचे गोळे भरून द्यायचं काम माझं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. हे लोक स्वतः गाव सोडून जगणारे आहेत. सुरतेला साड्यांच्या आणि कापडाच्या कारखान्यांत खानदेशातली किती माणसं आहेत ते तापी काठच्या कुठल्याही गावात विचारा. घरटी कुणीतरी तिकडे आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तुमच्या वर्गातली एक-दोन मुलंही तशी गायब होतील. परगावी एकटं राहणं म्हणजे काय, भाषा न कळणं म्हणजे काय, हे तुमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाच्या फोनवरून माहीत असतं. त्या तुम्हाला वाटी देतात तेव्हा कदाचित तिकडे सुरतेला आपल्या पोराला कुणीतरी अशीच वाटी देत असेल असं त्यांच्या मनात असतं. मला आक्कांनी हे स्वतः सांगितलं होतं.

आता लगेच करण्यासारखं एक काम सांगते, कारण वेळ अगदी बरोबर आलीय. भाद्रपद पौर्णिमेला गावातल्या मुली भुलाबाई बसवतील. भुलाबाई आणि भुलोबाची मातीची मूर्ती, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी घरोघरी गाणी. तुमच्याकडचा हादगा आठवतोय ना? पाटावर हत्ती मांडून, फेर धरून म्हणायचा? भुलाबाई ही त्याचीच बहीण. गाण्यांच्या ओळी ऐकताच तुम्हाला चाल ओळखीची वाटेल, आणि शेवटी खिरापत ओळखायचा खेळ तर हुबेहूब तोच. तुमच्या वर्गातल्या मुलींना विचारा, आज कुणाच्या घरी आहे. त्यांच्याबरोबर जा, खाली बसा, त्यांची दोन गाणी त्यांच्याच शब्दांत पाठ करा, 'ळ'चा 'य' करून. मग तुमचं हादग्याचं एक गाणं त्यांना शिकवा. आधी त्यांचं, मग तुमचं, हा क्रम ठेवा.

आणि एका संध्याकाळी खिरापत तुमच्या खोलीवर ठेवा. सांगलीकडचं काहीतरी करा, जे इथल्या मुलींना सहजी ओळखता येणार नाही. मुली डबा हलवून आवाजावरून ओळखायला बघतात, त्यामुळे घट्ट झाकणाचा, जरा मोठा डबा लागेल. तो तुमच्याकडे नसेलच. काकूंकडून मागून आणा.